त्या पट्ट्या सासूच्या नव्हत्या

मी कमी बोलणारी बाई. ज्या दवाखान्यात मी बारा वर्षं काढली तिथल्या आयांनाही माझं माहेर कुठलं ते ठाऊक नव्हतं. घरातही तसंच. हिच्या पोटात गेलेलं बाहेर येत नाही, असं सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, आणि त्या कौतुकावर मी पुष्कळ वर्षं जगले. आता पन्नाशी उलटून गेली. पोटातलं बाहेर काढते म्हटल्यावर मोठी बहीण म्हणाली, कशाला, आता कोण विचारतंय तुला? खरं आहे, कोणीच विचारत नाही. कोणी विचारायची वाट बघत बसले म्हणूनच इतकी वर्षं गेली.

हे सगळं सात कागदी पट्ट्यांबद्दल आहे. त्या एका बाईच्या नावानं फायलीत लागल्या आणि त्या तिच्या नव्हत्या. मला शंका होती, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. शंका नव्हती. मला माहीत होतं.

नव्वदच्या दशकात, लग्नाआधी, बारावी सायन्स आणि सहा महिन्यांचा एक कोर्स एवढ्या भांडवलावर मी नाशिकच्या एका खासगी हृदयरोग दवाखान्यात ईसीजी काढायला लागले. तेव्हा छातीला रबरी फुगे चिकटवायचे, मशीनमधून पट्टी सरसर बाहेर यायची, ती कात्रीनं कापून जाड कागदावर डिंकानं लावायची. दिवसाला तीस-चाळीस छात्या. दोन-तीन वर्षांत असं झालं की पट्टी बघून माणूस ओळखू यायला लागला. अक्षरावरून ओळखतो ना, तसा. प्रत्येक ठोक्याच्या आधी पट्टीवर एक लहानसं टेकाड येतं आणि मग उंच सुळका. टेकाड कोणाचं गोल असतं, कोणाचं बसकं, कोणाचं दोन शिंगांचं. आणि ताल बिघडला की टेकाडं नाहीशी होतात आणि सुळके वाटेल तेव्हा येतात, दोन जवळ, एक लांब, कशाचा कशाला मेळ नाही. हा बिघाड पुष्कळदा येतो आणि आपला आपण जातो. माणसाला कळतो किंवा कळतही नाही. पण तो चालू असताना हृदयात रक्त साचून गाठ होऊ शकते, आणि ती गाठ मेंदूत गेली की अर्धं अंग जातं. म्हणून अशा पेशंटला रक्त पातळ ठेवायची गोळी देतात.

दोन हजार सालानंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या दवाखान्यात या बिघाडावरच्या एका नव्या औषधाची ट्रायल आली. एवढ्या मोठ्या कामात नाशिकचं नाव आलं म्हणून डॉक्टर फार खुशीत होते. त्यांना स्वच्छ अक्षराची, वेळेवर येणारी आणि तोंड बंद ठेवणारी कोणीतरी हवी होती. त्यांनी मला ईसीजीच्या खोलीतून उचललं आणि ट्रायलची कोऑर्डिनेटर केलं. मुंबईला दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. जाडजूड फाईल मिळाली.

त्या फाईलीत सगळ्यात मोठा भाग होता औषध यशस्वी झालं हे कसं ठरवायचं याचा. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. कोणाला कुठली, ते आम्हालाही माहीत नाही. आणि मोजायचं एकच: ताल पुन्हा बिघडलेला पहिल्यांदा कधी दिसला. तीस सेकंदांच्या वर बिघाड टिकला की त्या पेशंटचा बिघाड परत आला असं धरायचं. तोवर तो यशस्वी. पेशंटला काय वाटतं त्याची वेगळी डायरी होती, पण निकाल लागायचा तो पट्टीवर.

डायरीवर कोणाचा भरवसा नव्हता आणि तो नव्हता हे बरोबरच होतं. आपल्याकडे डॉक्टरला तोंडावर 'मला बरं नाही' म्हणणं म्हणजे त्याच्या हाताला नाव ठेवण्यासारखं. एवढा मोठा माणूस आपल्यासाठी झटतोय, मग म्हणायचं, तुमच्या कृपेनं बरं आहे. चांदवडहून येणारे एक निवृत्त मास्तर होते, त्यांनी पुढच्या महिन्याची डायरी पहिल्याच तारखेला भरून ठेवली होती. तीस दिवस, तीस वेळा 'ठीक', मोत्यासारख्या अक्षरात. मी म्हटलं, मास्तर, अजून वीस तारीख यायचीय. ते म्हणाले, आल्यावर घाई नको.

म्हणून प्रत्येक पेशंटला एक यंत्र दिलं होतं. काड्यापेटीच्या दुप्पट आकाराचं, मागे चार धातूचे पाय. ते पाय छातीवर दाबून बटण दाबायचं, यंत्र ठोके साठवून घ्यायचं. मग फोन लावून रिसीव्हरवर ते यंत्र धरायचं, त्यातून चिरकी शिट्टी वाजायची आणि इकडे आमच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या प्रिंटरवर पट्टी उमटायची. आठवड्यातून एकदा ठरलेली पट्टी, आणि मध्येच धडधड झाली तर तेव्हाची. घरी फोन नसलेल्यांसाठी मी स्वतः एक युक्ती काढली होती. यंत्र घरी छातीला लावायचं आणि बाजारच्या दिवशी गावातल्या एसटीडी बूथवरून पट्टी पाठवायची. बाजाराला कोणी ना कोणी जातंच. या युक्तीबद्दल कंपनीच्या माणसानं माझं कौतुक केलं होतं. पुढचं सगळं त्या युक्तीतूनच आलं. युक्ती माझी होती, हेही लिहून ठेवते.

मावशी घोटीजवळच्या एका खेड्यातल्या. साठीच्या आसपास, भाताची शेती, अंगानं काटक, जुन्या ब्लडप्रेशरच्या. त्यांच्या छातीचं टेकाड दोन शिंगांचं, एक शिंग जरा उंच. मला ते पहिल्याच दिवशी पाठ झालं. मुलगा गोंद्याला कारखान्यात, नवरा, ज्यांना सगळा गाव बाबा म्हणायचा, ते शेतात, आणि घरात एक सून. लग्नाला दीड वर्ष झालेलं, आठवी शिकलेली, यंत्र वापरायला मी तिलाच शिकवलं. मावशींनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, याला कळतं का माणूस खोटं बोलतंय ते? मी हसून म्हटलं, याला सगळं कळतं मावशी.

फॉर्ममध्ये प्रश्न असायचा, जिना चढताना दम लागतो का? मावशी म्हणायच्या, जिना हाय कुठं आमच्या तिथं? मग मी माझ्या मनानं विचारायचे, आवणीला, भाताची रोपं लावायला, वाकता येतं का? त्या म्हणायच्या, दिसभर वाकते, पोरी वाकून थकत्यात, म्या नाय.

पहिले चार-पाच महिने त्यांच्या पट्ट्या नेमानं आल्या. दोनदा मात्र पट्टी हललेली निघाली. हात थरथरला असेल, ओल असेल, पण रेष वेडीवाकडी. अशा वेळी खात्रीसाठी पेशंटला नाशिकला बोलावून मोठा ईसीजी काढायचा असा नियम होता. दोन्ही वेळा मावशी आल्या, दोन्ही वेळा सगळं नीट निघालं. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा पाऊस चांगला लागला होता. त्या खुर्चीवर बसून राहिल्या आणि म्हणाल्या, एका वाकड्या रेघंपायी माजी रोपं खोळंबत्यात, बाई. मी म्हटलं, नियम आहे मावशी.

आवणी सुरू झाली. पुढच्या बाजारी फोन सुनेचाच आला, तो नेहमी तिचाच यायचा. बूथवर गलका, मागे कोणीतरी कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडत होतं. शिट्टी वाजली, पट्टी उमटली. सुंदर, स्वच्छ, एका ओळीत लावलेल्या रोपांसारखी. मी ती फाडून हातात घेतली आणि थांबले. टेकाड गोल होतं. ठोके मिनिटाला ब्याण्णव. मावशींचे कधी सत्तरच्या वर गेले नव्हते.

पहिल्या पट्टीला मी म्हटलं, यंत्र वेगळ्या जागी लावलं असेल. जागा बदलली की रेष थोडी बदलते, हे खरं आहे. दुसऱ्या बाजारी पुन्हा तीच गोल टेकाडं. आता कसलं काय, मला समजलं. तरुण छाती होती ती, चालत आलेली, बूथच्या गर्दीत घाबरलेली.

तिसऱ्या बाजारी शिट्टी थांबल्यावर मी फोन ठेवू दिला नाही. विचारलं, मावशी कुठंयत? ती म्हणाली, वावरात. यंत्र कोणाच्या छातीला लावलंस?

"ताई, माजंच हाय," ती म्हणाली. "आत्याबाई दिस उगवायच्या आत वावरात जात्यात. पहिल्या टायमाला इसरल्या, हितं येऊन बघते तर डबी रिकामी. मग म्या पदराआड लावली. घरी सांगितलं तर आत्याबाई म्हणल्या, तुजं चांगलं येतं, तुजंच देत जा. वाकडं आलं का बोलावत्यात."

माझ्या तोंडून निघालं ते असं: "बरं. पुढच्या वेळी त्यांचंच दे हं."

एवढंच बोलले मी. रागावले नाही. ही पट्टी मी घेणार नाही, असं म्हटलं नाही. अगदी गोड आवाजात बोलले. शेजारणीनं वाटीभर साखर परत केली नाही तर ज्या आवाजात आठवण करून देतात, त्या आवाजात. आणि पट्टीवर मावशींचा नंबर लिहून ती फायलीत लावली.

का, ते सांगते. त्याच महिन्यात मुंबईहून कंपनीचा तपासनीस येणार होता. आमचं सेंटर स्वच्छ म्हणून नावाजलेलं, त्या स्वच्छतेचं श्रेय माझ्याकडे. यंत्र मी शिकवलं होतं, बाजाराची युक्ती माझी होती. खोटी पट्टी आली असं कळवायचं तर आधीच्या दोन पट्ट्याही मी बघून लावल्या हे कळवावं लागलं असतं. आणि एक कारण याहून लाजिरवाणं आहे. मला कोणाला काही सांगायची सवयच नव्हती. ज्या गुणाबद्दल मला ती जागा मिळाली तोच गुण मी वापरला.

मावशी तिमाही तपासणीला आल्या तोवर तशा सहा पट्ट्या झाल्या होत्या. त्या दिवशी त्यांचा ईसीजी नीट आला. खुर्चीवर मावशी, शेजारी त्यांचा मुलगा, समोर डॉक्टर, आणि फाईल घेऊन उभी मी. मावशींना दर महिन्याला रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी करायला यावं लागायचं, त्याला त्या कंटाळल्या होत्या. हिरड्यांतून रक्त येतं म्हणत होत्या. डॉक्टरांनी पट्ट्या चाळल्या. ताल इतके दिवस नीट राहिलाय तर ही रक्त पातळ ठेवायची गोळी थांबवता येईल, असं ते म्हणाले. तसं करायचं की नाही हे फाईलीनं डॉक्टरांवरच सोडलेलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "पट्ट्या सगळ्या व्यवस्थित आहेत ना?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत भीती नव्हती, उलट जरा गंमत होती. दोघींचं गुपित आहे, तू माझी आहेस, असं.

"हो सर," मी म्हटलं.

गोळी बंद झाली. मावशी जाताना माझ्या हातात शेतातल्या घेवड्याच्या शेंगांची पिशवी देऊन गेल्या. त्या शेंगा आम्ही घरी खाल्ल्या.

सातवी पट्टीही गोल टेकाडांची आली. ती मी लावली. आठवी आलीच नाही. गणपती बसल्यानंतरच्या आठवड्यात मावशी गोठ्यासमोर पाटी उचलायला वाकल्या आणि पाटीसकट पडल्या. जीपमधून नाशिकला आणल्या तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि बोलणंही. मी ईसीजी काढायच्या खोलीत धावले. ते माझं काम राहिलं नव्हतं, पण मीच काढला. टेकाडं नव्हती. सुळके वाटेल तेव्हा येत होते.

दवाखान्याच्या पॅसेजमध्ये सुनेनं स्वतःच सगळं सांगून टाकलं. तिला कोणी विचारलंही नव्हतं. नवऱ्यासमोर भिंतीला टेकून म्हणाली, डबी म्या माज्या छातीला लावत व्हते, आत्याबाईंनीच सांगितलं व्हतं. तिच्या नवऱ्यानं हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाला, "आई आता बोलू शकत नाय, मंग तिच्या नावावर काय पण घाल." हे वाक्य मी तीन पावलांवरून ऐकलं. मावशींनीच सांगितलं होतं, हे मला माहीत होतं. जगात तिसरं माणूस मीच. माझ्या हातात सलाईनचा स्टँड होता, तो मी ढकलत आत नेला.

आठ-दहा दिवसांत मावशींना घरी नेलं. मग बाबा एकटेच औषध न्यायला आले, त्यांच्याकडून कळलं की सुनेला माहेरी पोहोचवायचं ठरतंय. दसऱ्याला नाही तर दिवाळीच्या आधी. सासूला आडवी केली, आता घर आडवं करील, असं भावकी म्हणत होती. बाबा चांगले होते. ते म्हणाले, पोर वाईट नाय वो, पण येवढं कसं कळू नाय?

आणि मग तपासनीस पुन्हा आला. मावशींच्या अर्धांगाचा अहवाल पाठवायचा होता. डॉक्टरांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. तपासनीस तरुण, नीटनेटका, वाईट मुळीच नाही. त्यानं मजकूर तयार करून आणला होता. पेशंटच्या सुनेनं सेंटरला न कळवता स्वतःचे ठोके पाठवले, सबब या पेशंटनं नियम मोडल्यामुळे तिला निकालाच्या मोजणीतून वगळावं. खाली डॉक्टरांची सही झालेली. माझी राहिली होती.

मी दोनदा वाचलं आणि म्हटलं, यांना वगळता येणार नाही. मुंबईच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: जो एकदा ट्रायलमध्ये आला तो शेवटपर्यंत मोजायचा. गोळी सोडो, नियम मोडो, मरो. नाहीतर ज्यांचं वाईट झालं त्यांना एकेक करून दाराबाहेर काढा आणि आत उरलेल्यांना यश म्हणा. तपासनीस म्हणाला, मॅडम, ते वरचे लोक ठरवतील. मी म्हटलं, ठरवू दे. मी वगळा असं लिहिणार नाही. आणि 'न कळवता' हे दोन शब्द खोटे आहेत.

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"म्हणजे?"

"तिनं मला फोनवर सांगितलं होतं, सर. तिसऱ्या पट्टीला. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हटलं, तेव्हाही मला माहीत होतं."

त्यांनी तपासनिसाला चहा घ्यायला बाहेर पाठवलं. केबिनचं दार लागल्यावर ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ते हळू आवाजात बोलले. म्हणाले, बाई, तिच्या स्वतःच्या पट्ट्या आल्या असत्या तरी त्या चांगल्याच आल्या असत्या कदाचित, हा बिघाड येतो-जातो, तुम्हाला माहीत आहे. गोळी चालू असती तरी असं झालेले पेशंट मी पाहिलेत. तुम्ही उगाच स्वतःला बुडवताय, आणि बरोबर या दवाखान्याला. ते लिहिल्यानं तिचा हात हलणार आहे का?

त्यांचं प्रत्येक वाक्य खरं होतं. कदाचित चांगल्याच आल्या असत्या. हे 'कदाचित' मला त्यांनी अगदी मायेनं दिलं होतं, आणि ते मी अजून घेतलेलं नाही. आल्या असत्या की नसत्या हे आता कोणालाच कधी कळणार नाही, कारण त्या पट्ट्या मी येऊच दिल्या नाहीत. मोजायची सोय होती, यंत्र होतं, नियम होता, मी मोजलं नाही. न मोजता यश लिहिलं. मी म्हटलं, "सर, हात हलणार नाही. पण तिच्या सुनेला घालवतायत, ती तिनं हे 'न कळवता' केलं असं धरूनच. हे दोन शब्द माझे आहेत."

त्यांच्या मजकुरावर सही न करता मी कोरा कागद घेतला आणि माझ्या हातानं लिहिलं. कोणत्या तारखेपासून पट्ट्या पेशंटच्या नाहीत, मला कधी कळलं, मी काय बोलले, काय बोलले नाही. पेशंटला मोजणीत ठेवावं. शेवटची खरी पट्टी अमुक तारखेची, त्यानंतर काही माहिती नाही, आणि मग हे. एक प्रत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, एक ट्रायलवर नजर ठेवणाऱ्या समितीला त्याच दुपारी पोस्टानं पाठवली. रजिस्टर्ड. पावती अजून माझ्याकडे आहे.

नोकरी त्या महिन्यात गेली. त्याचं मी काही सांगत नाही, जायलाच हवी होती. समितीची माणसं आली, मला तासभर प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. औषधाचं पुढे काय झालं, मावशींना कोणत्या रकान्यात ठेवलं, खरी गोळी होती की खोटी, हे मला कोणी कळवलं नाही. मी दोनदा पत्र लिहून विचारलं. उत्तर नाही.

कागद पोस्टात टाकला त्याच आठवड्यात रविवारी मी घोटीची एसटी पकडली. डॉक्टर एक बरोबर बोलले होते. मी समितीला काय लिहिलं ते त्या खेड्यात कोण वाचणार होतं?

मावशी ओसरीवर खाटेला टेकून बसल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं. मला पाहून डावा हात वर केला. बाबा होते, मुलगा होता, भावकीतले दोघं आले. सून आत चुलीपाशी. मी पाणी घेतलं नाही. उभ्यानंच सांगायला लागले, कारण बसले असते तर मला बोलता आलं नसतं. पट्टी कोणाची ते मला दुसऱ्याच आठवड्यात ओळखू आलं होतं. तिसऱ्या आठवड्यात हिनं मला फोनवर खरं सांगितलं, सासूनंच तसं करायला सांगितलं तेही सांगितलं. तेव्हा कुठलंच भांडण नव्हतं, खोटं बोलायचं तिला कारण नव्हतं. डॉक्टरांनी माझ्यासमोर गोळी बंद केली. मी एक शब्द बोलले असते तर ती बंद झाली नसती. हिला कळत नव्हतं. मला कळत होतं, मला त्याचाच पगार होता.

मुलगा म्हणाला, ताई, तुम्ही तिला वाचवायला बोलताय. मी म्हटलं, नाही दादा. तुझ्या आईला विचार. तिला कोणी विचारलंय का?

कोणीच विचारलं नव्हतं. बोलता येत नाही म्हणून सगळ्यांनी धरून चाललं होतं की तिला सांगताही येत नाही. मी खाटेजवळ गेले, खाली बसले, आणि मोठ्यानं विचारलं, "मावशी, तुझंच देत जा असं तुम्हीच सुनेला सांगितलं होतं ना? खरं सांगा."

मावशींनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा. मग डाव्या हाताच्या पंजानं स्वतःच्या छातीवर थोपटलं, म्या, म्या, असं, आणि घशातून एक आवाज काढला, तो शब्द नव्हता. मुलगा उठून वावराच्या बाजूला निघून गेला. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते मावशींकडं बघत बसले. भावकीतल्या एकानं दुसऱ्याला म्हटलं, चल.

सून दारात उभी होती. मला वाटलं होतं ती रडेल. माझ्या मनाच्या कोपऱ्यात तर असंही होतं की ती माझा हात धरेल. ती लहान होती, तेवीसची असेल. तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं.

"तुमी तवाच माज्यावर खेकसल्या असत्या," ती म्हणाली, "तर म्या घाबरून आत्याबाईंना वावरातनं वढून आणलं असतं. तुमी लय गोड बोलल्या, ताई. मला वाटलं, चालतं."

मी मान हलवली. तिचं बरोबर होतं. ती आत गेली, वाटी आणि चमचा घेऊन आली, खाटेच्या कडेला बसली, आणि पदराच्या टोकानं सासूची हनुवटी पुसून तिला पेज भरवायला लागली. मावशींनी तोंड उघडलं. मला कोणी जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही. मी चपला घातल्या आणि रस्त्याला लागले.